मखर मोडायचं नसतं

इंदापूरचे दादासो कोकरे आयुष्यात एकच खोटं बोलले असतील. पण ते खोटं असं ठणठणीत निघालं, की तीस वर्षांत त्याला साधं पडसंसुद्धा झालं नाही. इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या कितीतरी घरांचे माळे त्या खोट्याने भरून गेले. आणि एका रविवारी दादासोंनी ते मागे घ्यायचं ठरवलं, तेव्हा लोकच घेऊ देईनात.

दादासोंचा जन्म सुप्याच्या पलीकडल्या माळावरचा. बाप मेंढरं राखायचा. दादासोंना मेंढरांमागे चालायचा मनस्वी कंटाळा. पण लोकर कातरायला बसले, की हात असा सफाईने फिरायचा, की मेंढरू अंगावरची लोकर गेली तरी रवंथ करत उभं. पुढे चाऱ्याचे हाल झाले, मेंढरं गेली आणि दादासो इंदापुरात एका पेंटरच्या हाताखाली आले. पेंटर रंगात तरबेज होता, पण थर्माकोलला हात लावायला भ्यायचा. त्या काळात लग्नात स्टेजच्या पडद्यावर नवरा-नवरीची नावं थर्माकोलची लागत. दादासोंनी 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' इतके कापले, की झोपेतही त्यांची बोटं वेलांट्या काढायची, असं त्यांची बायको दगडाबाई सांगायची.

मग ते मखरांकडे वळले. तापलेल्या तारेने थर्माकोल कापायचा, टाचण्यांनी जोडायचा, वर जर आणि चमकी लावायची. कमानी, खांब, मोर, हत्ती. एकासारखं दुसरं मखर त्यांनी कधी केलं नाही, आणि गिऱ्हाइकाने 'शेजारच्यासारखंच करा' म्हटलं, की दादासोंचं डोकं फिरायचं. शेजाऱ्यासारखीच बायको पाहिजे का, असंही त्यांनी एकाला विचारलं होतं. प्रत्येक मखराच्या पाठीमागे ते पेन्सिलीने साल आणि घराचं नाव लिहायचे.

धंद्याच्या तिसऱ्या वर्षी ते खोटं जन्माला आलं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दादासो सायकलवरून कालव्याच्या कडेने चालले होते. पाण्यात त्यांचंच मखर तरंगत होतं, पाच कमानींचं, वीस दिवस खपून केलेलं. बुडत नव्हतं, वाहतही नव्हतं. कालव्याच्या लोखंडी दाराला अडकून एका जागी गोल गोल फिरत होतं आणि त्याच्यावर कोणीतरी चपला फेकून नेम धरत होतं. दादासो सायकल टाकून उभ्याउभ्या रडले. घरी आले, तर दारात पळसदेवच्या साखरबाई उभ्या. त्यांचा नवरा मासेमारी करायचा, आणि घरात लग्नानंतर सात वर्षांनी पाळणा हलला म्हणून पुढच्या वर्षासाठी मखर सांगायला त्या आल्या होत्या. दादासोंनी डोळेही न पुसता त्यांना बजावलं, की बाई, मखर करून देईन, पण ते पाण्यात सोडायचं नाही, उकिरड्यावर टाकायचं नाही आणि मोडायचं तर नाहीच. साखरबाईंनी साहजिकच विचारलं, का हो? आणि दादासोंच्या तोंडून निघून गेलं, "देव बसल्यालं मखर मोडलं, की त्या घराला मोड लागतो."

बस्स. एवढंच. पण बाई पळसदेवला पोचायच्या आत ते निम्म्या पंचक्रोशीला ठाऊक झालं. पुढच्या भाद्रपदात गिऱ्हाईक स्वतःहून सांगू लागलं, की दादासो, काळजी नको, आमच्याकडं पाळतात. दादासोंनी ते खोडून काढलं नाही. का काढतील? मखराला पहिल्यांदाच कोणी मान देत होतं. वर्षं गेली, आणि ते जुन्या लोकांनी सांगून ठेवलेलं आहे असं लोक दादासोंनाच ऐकवू लागले.

मग सरकारने थर्माकोलवर बंदी आणली. दुकानाचं शटर खाली आलं ते आलंच. मुलगा रणजित पुण्याला नोकरीला गेला आणि घरात उरले दादासो आणि सून राजनंदिनी. दगडाबाई त्याआधीच गेल्या होत्या. त्यांचं पुढे येईल. राजनंदिनी रोज पहाटे उठून एसटीने बारामतीच्या एमआयडीसीत जायची आणि आठ तास उभ्याने खोकी भरायची. संध्याकाळी परत आली, की तिच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडायचा. दादासो ते बघायचे आणि तोंड फिरवायचे. घरात बसून खाणाऱ्या माणसाला बोलायला जागा नसते.

अशात राजनंदिनीच्या बचत गटाला पुण्याची एक संस्था भेटली. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. थर्माकोल त्यात टाकला, की तापून त्याचा कणकेसारखा गोळा व्हायचा. तो साच्यात दाबला, की दोन मिनिटांत टणक पाट बाहेर पडायचा, बसायचा, साधा, घरोघरी असतो तसा. संस्थेची अट सरळ होती. बारामतीत एक दिवस कार्यक्रम घ्यायचा. लोकांनी आपल्या हाताने थर्माकोल आणून दिला आणि झालेले पाट आपल्या खुशीने घरी नेले, तर यंत्र गटाकडे इंदापुरात राहील आणि बायकांना घराजवळच काम मिळेल. नाहीतर दुसऱ्या तालुक्यात जाईल. राजनंदिनीने आठ दिवस आधी सासऱ्याला विचारलं, "मामा, तुमी नुसतं येऊन बसा. तुमचं नाव ऐकून लोक येतील." दादासोंना वाटलं, लोक टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल आणतील. ते हो म्हणाले.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात होता. 'प्लास्टिक टाळा, थर्माकोल हटवा' असं सांगणारा वीस फुटी फ्लेक्स लावलेला होता, आणि त्यावर हटवणाऱ्यांचे फोटो थर्माकोलपेक्षा जास्त होते. दादासोंना पुढच्या खुर्चीत बसवून नारळ दिला, अंगावर शाल घातली, डोक्याला फेटा गुंडाळला. श्रावणातलं ऊन, मागे तापलेलं यंत्र आणि अंगावर शाल. सत्काराचा माणूस उठूही शकत नाही आणि शाल काढूही शकत नाही. बकऱ्याला निदान दावं तरी दिसतं.

पहिला तास झकास गेला. भिगवण-पळसदेवकडच्या माशांच्या पेट्या आल्या, दुकानदारांनी खोकी आणली. हे सगळं भराभर यंत्रात गेलं. माशांच्या पेट्या कोणी देव्हाऱ्याजवळ ठेवलेल्या नव्हत्या. संस्थेची संस्कृती नावाची इंजिनिअर मुलगी खुशीत होती. मग फाटकातून मखरं यायला लागली.

दादासो फेटा मागे सारून बघू लागले. जुन्या नऊवारीत गुंडाळलेली, वर हळदकुंकू वाहिलेली, टेम्पोतून, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरलेली, डोक्यावर घेतलेली. साल चौऱ्याण्णव, साल दोन हजार एक. त्यांच्या हाताचा सगळा संसार पटांगणात रांगेने उभा राहिला. पण यंत्राजवळ येऊन रांग थबकली. कोणी पुढे सरकेना. सगळ्यात पुढे साखरबाई होत्या, आता पार वाकलेल्या. घर नव्याने बांधलं, तेव्हा त्यांनी भिंतींच्याही आधी मखरासाठी सिमेंटचा कट्टा घालून घेतला होता. आता सून म्हणत होती, की जागा पुरत नाही. मखर द्यायचंच होतं, पण मोडणार कोण? ते दादासोंना विचारायलाच त्या आल्या होत्या. मागची सगळी रांगही त्याच कामासाठी आली होती.

राजनंदिनी सासऱ्याच्या कानाशी वाकली. लोक तुमचंच ऐकतील, मोडलं तर चालतंय एवढं सांगा, म्हणाली. तिचे सुजलेले पाय दादासोंच्या नजरेसमोरच होते. त्यांनी माईक घेतला. चालतंय एवढंच म्हणायचं होतं; पण इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम वर आलं.

"मखर मोडलं की घराला मोड लागतो, हे मी मनानं सांगितल्यालं हाय," ते म्हणाले. "कुठल्या पोथीत न्हाय, कुनी जुन्या मानसानं सांगितल्यालं न्हाय. मला मखराचं वाईट वाटलं म्हणून मी खोटं बोललो."

दादासोंना वाटलं, आता लोक शिव्या घालतील. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. पण सुप्याचे हिंदुराव, उसाचे मोठे बागायतदार आणि गावच्या प्रत्येक बैठकीत शेवटचा शब्द आपला ठेवणारे, रांगेतून शांतपणे म्हणाले, की दादासोंवर दाब आलाय. सून गटाची अध्यक्ष, वरून पुण्याचं यंत्र. बिचारा म्हातारा काय करेल? माणसं माना डोलावू लागली. साखरबाई तर पुढेच आल्या.

"मला सांगितलंत तवा तुमच्या डोळ्यांत पानी हुतं," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पानी येत न्हाय. खोटं तुमी आज बोलताय."

खऱ्या बोलण्याला साक्षीदार लागतो, आणि दादासोंचा एकुलता एक साक्षीदार त्यांच्याविरुद्ध उभा होता. त्यांनी माईक ठेवला आणि ते खुर्चीत बसले.

राजनंदिनी मात्र हार मानणारी नव्हती. तिला वाटलं, लोकांना बोलणं पटत नाही ना, मग करून दाखवू. ती गटाच्या टेम्पोकडे गेली आणि घरचं मखर घेऊन आली. सासऱ्याला न सांगताच तिने ते सकाळी टेम्पोत ठेवलं होतं. आधी आपल्या घरातलं, असा तिचा साधा विचार. तिने ते दादासोंसमोर ठेवलं. डावा खांब मधोमध सांधलेला होता. आत उदबत्तीच्या काड्या घालून वरून गोंद फासला होता. तो सांधा दादासोंचा नव्हता.

तो दगडाबाईंचा होता. बंदी यायच्या आदल्या वर्षी ज्वारीची पोती ठेवायला जागा करावी म्हणून त्या माळ्यावर चढल्या आणि त्यांचा हात लागून खांब मोडला. दोन दिवस त्यांनी सांगितलं नाही. गुपचूप काड्या घालून जोडला. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना त्यांनी विचारलं, "मखर मोडलंया माझ्या हातनं. काय हुईल का वो?" दादासोंनी तेव्हा म्हणायला हवं होतं, की अगं, काही होत नाही, ते मीच उठवलेलं आहे. पण बायकोसमोर इतकी वर्षं मिरवलेला मान होता. तो सोडवेना. ते म्हणाले, "देव बघंल." दगडाबाई त्यानंतर दीड महिना जगल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या झडपा कधीच्या गेल्या होत्या, जगल्या असत्या तरी आणखी महिना-दोन महिने इकडे-तिकडे. पण तो दीड महिना ती बाई घरात पाय वाजू न देता वावरत होती. रणजितला घरी यायला जरा उशीर झाला तरी उंबऱ्यात जाऊन उभी राहायची. एका वाक्यात तिची भीती गेली असती, आणि ते वाक्य दादासोंच्या तोंडात होतं.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आज शेकडो माणसांसमोर मखर पुढ्यात होतं आणि राजनंदिनी म्हणत होती, मोडा मामा, लोकांना दिसू द्या. दादासोंनी हिंदुरावांकडे पाहिलं, साखरबाईंकडे पाहिलं. कोणीतरी पुढे होऊन एवढं एक मखर मोडेल का, असं त्यांनी खरोखर विचारलं. माणसं जमिनीकडे बघू लागली. राजनंदिनी स्वतः पुढे झाली, तसे ते एकदम उठले आणि तिचा हात बाजूला केला. अंगात तीच भीती शिरली होती, जी खोटी आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सुनेच्या हातून नको. त्यांनी डावा खांब धरला आणि सांध्यावरच मोडला. उदबत्तीच्या काड्या कटकन तुटल्या. मग दादासो हमसून हमसून रडले. शालीने डोळे पुसायचे, की घाम, हेही त्यांना कळेना.

राजनंदिनीला वाटलं होतं, हे बघून लोकांची भीती जाईल. लोकांनी वेगळाच अर्थ काढला. दादासोंनी आपल्या घरचं मोडलं, म्हणजे दोष त्यांनी अंगावर घेतला. आता जिथे एवढा गेला, तिथे आपलाही जाऊ द्यावा. साखरबाईंनी मखर त्यांच्या हातात दिलं, त्यांच्या पायाला हात लावला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. हिंदुरावांनी तर स्पष्टच सांगितलं, की मोडताना आमच्या घराचं नाव घेऊ नका. रांग पुन्हा हलली.

दुपार टळेपर्यंत दादासो मखरं मोडत होते. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला एकही माणूस तयार नव्हता. टाचण्या काढायच्या, जर सोडवायची, मागची पेन्सिलीची नावं एकदा वाचायची आणि मोडायचं. संस्कृती म्हणाली, काका, यंत्र आख्खंच घेतं, तुम्ही कशाला एवढं करता? पण आख्खं टाकायला रांग कबूल नव्हती. दादासोंचा हात लागलेला त्यांना डोळ्यांनी दिसायला हवा होता. मधे पाणी प्यायला ते बाजूला गेले, तर चार माणसं पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आली आणि त्यांना परत घेऊन गेली. आदराने नेलं, एवढंच.

संध्याकाळपर्यंत यंत्रातून पाट निघत होते. मखरांच्या उरल्यासुरल्या चमकीमुळे ते ऊन लागलं, की झगझगायचे. दोनशेच्या वर झाले. अर्धी अट पुरी झाली होती. आता लोकांनी ते घरी न्यायचे होते. गटाच्या बायकांनी टेबलावर थप्प्या लावल्या. माणसं आली, पाट हातात घेतले, उलटेपालटे केले आणि पुन्हा ठेवले. कोणी नेईना. देव बसलेल्या मखराचा पाट झाला. त्यावर आपण बसायचं का? आणि कोणाच्या घरच्या देवाचं मखर कोणाच्या पाटात गेलं, काय कळतंय? संस्कृतीने यंत्राची सगळी माहिती पुन्हा सांगितली. लोकांनी ती मन लावून ऐकली आणि पाट तिथेच ठेवले. राजनंदिनीने टेबलाला टेकून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

शेवटी साखरबाईच दादासोंच्या खुर्चीशी आल्या. त्यांच्या मागे हिंदुराव, त्यांच्या मागे बाकीचे.

"ह्या पाटाचं काय पाळायचं, ते सांगा," साखरबाई म्हणाल्या. "सांगितल्याबिगर घरात कसा न्यायचा?"

दादासो म्हणाले, काही पाळायचं नाही, साधा पाट आहे, बसा. साखरबाईंनी हातातला पाट हळूच थप्पीवर ठेवला. मागच्या दोघींनीही ठेवला. संस्कृतीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पुण्याचा टेम्पो यंत्र परत न्यायच्या तयारीने फाटकात उभाच होता.

दादासोंना सगळं स्वच्छ दिसलं. खरं बोललं तर यंत्र जाणार, आणि यंत्र राहायचं तर पुन्हा तेच. त्यांना वाटलं, उठावं, शाल इथेच टाकावी आणि सुप्याच्या माळावर मेंढरांमागे चालायला निघून जावं. पण तिथे आता मेंढरंही नव्हती.

"उंबऱ्याभायेर ठेवायचा न्हाय," ते हळूच म्हणाले. "पाय देऊन चढायचं न्हाय. आणि पाव्हणा आला, की पहिला त्येला द्यायचा."

पटांगणात एकदम जीव आला. बायका एकमेकींना सांगू लागल्या. हात पाटांकडे गेले. राजनंदिनी सासऱ्याकडे बघत राहिली. आजच तिने त्यांचं माईकवरचं बोलणं ऐकलं होतं आणि त्यातला प्रत्येक शब्द तिला पटला होता.

साखरबाईंनी पाट उराशी धरला, पण त्या हलल्या नाहीत. त्यांचा एक प्रश्न राहिला होता. "आणि चुकून मोडला, तर?"

दादासोंच्या ओठावर जुनं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मोडला, तर घाबरायचं न्हाय," ते म्हणाले. "माझ्याकडं आणायचा. दोष काय असंल, त्यो माझा."

लोकांनी हात जोडले. अर्ध्या तासात टेबल रिकामं झालं आणि पुण्याचा टेम्पो मोकळाच परत गेला. राजनंदिनीने संस्थेच्या कागदावर सही केली, आणि लोक विचारत होते म्हणून गटाच्या फळ्यावर खडूने लिहून टाकलं, की मोडलेले पाट दर शनिवारी दादासो कोकरे स्वतः घेतील.